टोपलीचं झाड

काळ्या ॲशच्या झाडाचा ओंडका टोपलीसाठी करवतीने फाडत नाहीत. तो बडवतात. साल सोलून ओंडका आडवा टाकायचा आणि कुऱ्हाडीच्या पाठीने किंवा लाकडी घणाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने, मधली एकही जागा न सोडता ठोकत जायचं. पुरेसं ठोकून झालं की लाकडाचा एक पापुद्रा उचकटतो. तो हाताने ओढला की ओंडक्याच्या पूर्ण लांबीची लवचिक पट्टी निघून येते. तिच्याखाली पुढची पट्टी, तिच्याखाली आणखी एक. प्रत्येक पट्टी म्हणजे झाडाच्या आयुष्यातलं एक वर्ष. ज्या वर्षी झाड जोमाने वाढलं त्या वर्षाची पट्टी जाड निघते, ज्या वर्षी ते खंगलं त्या वर्षाची पातळ.

हे घडतं ते या लाकडाच्या रचनेमुळे. वसंतात पालवी फुटताना ॲशला भरपूर पाणी वर चढवावं लागतं, म्हणून तेव्हा तयार होणाऱ्या लाकडात मोठमोठ्या पोकळ नळ्या असतात. उन्हाळ्यात बनणारं लाकूड घट्ट आणि चिवट असतं. घणाचे घाव बसले की वसंतातला पोकळ थर चिरडतो आणि दोन वर्षांचं घट्ट लाकूड एकमेकांपासून सुटतं. आपल्याकडचे बुरूड ओल्या बांबूच्या कांबट्या काढतात तेव्हा चीर कोयत्याची असते. काळ्या ॲशमध्ये ती चीर झाडानेच दरवर्षी आखून ठेवलेली असते. बडवून सुटलेली पट्टी पुढे आणखी पातळ सोलली की आतली बाजू रेशमासारखी तुकतुकीत निघते. मग दातेरी लाकडी हत्याराने तिच्या एकसारख्या रुंदीच्या फिती काढायच्या आणि विणायला बसायचं.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात आणि त्याला लागून असलेल्या कॅनडात राहणाऱ्या पेनॉबस्कॉट, पासामाक्वॉडी, मालिसीट, मिकमाक या वाबनाकी जमाती, सेंट लॉरेन्स नदीच्या दोन्ही काठांवरचे मोहॉक, मिशिगनमधले ओडावा, ओजिब्वे आणि पोटावाटोमी हे सगळे या लाकडाच्या टोपल्या विणतात. वाबनाकी लोकांच्या उत्पत्तिकथेत ग्लूस्कॅप नावाचा वीर ॲशच्या झाडावर बाण मारतो आणि झाडाला पडलेल्या फटीतून माणसं गात-नाचत बाहेर येतात. ज्या झाडातून आपण जन्मलो त्याच झाडाच्या टोपल्या विणून या लोकांनी पोट भरलं. मेनच्या उत्तरेकडच्या बटाट्याच्या शेतांत काढणीला याच टोपल्या असत. समुद्रकाठच्या बार हार्बरला येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांसाठी नाजूक, रंगीत, सुगंधी गवत गुंफलेल्या टोपल्या विणल्या जात. जमिनी गेल्या, मुलांना भाषा विसरायला लावणाऱ्या शाळा आल्या, तरी टोपली टिकली.

टिकली, पण कशीबशी. १९९३ मध्ये मेनमध्ये टोपली विणणाऱ्यांची संघटना स्थापन झाली तेव्हा साऱ्या राज्यात पन्नाशीच्या आतले कारागीर डझनभरही नव्हते. पेनॉबस्कॉट जमातीच्या थेरेसा सेकॉर्ड या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. शिक्षणाने त्या भूवैज्ञानिक, आणि स्वतः विणकर. म्हाताऱ्या कारागिरांच्या हाताखाली तरुणांना बसवायचं, टोपलीला कलावस्तूची किंमत मिळवून द्यायची आणि मधल्या दलालाला वगळून थेट बाजार भरवायचे, असं काम या संघटनेने वर्षानुवर्षं केलं. कारागिरांचं सरासरी वय खाली येऊ लागलं, संख्या वाढू लागली. २०११ मध्ये पासामाक्वॉडी विणकर जेरेमी फ्रे यांच्या टोपलीला सांता फेच्या प्रसिद्ध कलाबाजारात सर्वोत्कृष्ट कलाकृतीचा मान मिळाला. तिथे टोपलीला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. मरणपंथाला लागलेली कला सावरली होती, आणि नेमक्या त्याच काळात पश्चिमेकडून तिचं झाड मरत येत होतं.

२००२ च्या उन्हाळ्यात मिशिगनमध्ये, डेट्रॉइट शहराजवळ, ॲशची झाडं शेंड्याकडून का वाळतायत याचा शोध घेताना एक हिरवा भुंगेरा हाती लागला. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, पाचूसारखा चकाकणारा. आपल्याकडे पावसाळ्यात बाभळीवर येणारा आणि मुलं काडेपेटीत जपून ठेवतात तो हिरवा चमकदार भुंगा याच्याच कुळातला. हा पाचूभुंगेरा मूळचा ईशान्य चीन, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्वेचा. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून किंवा पॅलेटमधून तो अमेरिकेत उतरला असावा. शास्त्रज्ञांनी मेलेल्या झाडांची वर्षवलयं मोजून माग काढला तेव्हा कळलं, की १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो तिथे पाय रोवून बसला होता. म्हणजे कुणाच्या नजरेला पडण्याआधी त्याला निदान सहा-सात वर्षं मोकळं रान मिळालं.

प्रौढ भुंगेरा पानं कुरतडतो, त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. झाड मारते ती त्याची अळी. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी साल पोखरून आत शिरते आणि सालीच्या लगेच खालच्या जिवंत थरात नागमोडी बोगदे खणत राहते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते याच थरातून. एकदोन अळ्या झाड सहन करतं, शेकडो झाल्या की बोगदे एकमेकांना भिडतात आणि खोडाभोवतीची वाट सगळीकडून तुटते. लागण वाढल्यावर मोठं झाडही चार-पाच वर्षांत जातं. बाहेरून दिसतं ते एवढंच, की शेंडा विरळ होतो, बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, सुतारपक्षी अळ्यांसाठी साल सोलायला लागतात आणि खोडावर एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गोल अशी बारीक भोकं दिसतात. भोकं दिसली म्हणजे भुंगेरे उडून गेलेले असतात.

चीनमध्ये हाच भुंगेरा तिथल्या मांचुरियन ॲशची फक्त आजारी, कोरडी पडलेली झाडं खातो. निरोगी झाड त्याला आत टिकू देत नाही. हजारो वर्षं दोघं एकमेकांना ओळखून आहेत. अमेरिकेतल्या ॲशला मात्र असा शत्रू कधी भेटलाच नव्हता. हे ॲश म्हणजे आपल्या पारिजातकाच्या, जाईजुईच्या कुळातलं झाड, पण वाढतं ताडमाड. शहरांच्या रस्त्यांवर ते हौसेने लावलं जायचं, बेसबॉलच्या बॅटीही त्याच्याच लाकडाच्या. मिशिगनच्या आग्नेय भागातल्या रानांत ९९ टक्क्यांहून अधिक मोठी ॲश झाडं मेली. २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ॲशच्या पाच जाती जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरल्या, आणि त्यांत काळा ॲश आहे.

सरकारांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. लागण झालेल्या झाडाभोवतीची सगळी ॲश झाडं तोडायची, असा सुरुवातीचा उपाय होता. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात २००४ च्या सुमारास दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या भूभागात दहा किलोमीटर रुंदीचा ॲशमुक्त पट्टा तयार केला गेला, म्हणजे भुंगेऱ्याला ओलांडताच येऊ नये. तोडलेली बहुसंख्य झाडं धडधाकट होती. भुंगेरा लवकरच पट्ट्याच्या पलीकडे सापडला. स्वतःच्या पंखांवर तो वर्षाला काही किलोमीटरच सरकतो, पण सहलीला निघालेल्या माणसाच्या गाडीतल्या जळणाच्या मोळीत बसून तो एका दिवसात शेकडो किलोमीटर जातो. जळण जिथे विकत घ्याल तिथेच जाळा, अशी मोहीम चालली. ॲशचं लाकूड जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी आली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने ती बंदी उठवली, कारण तोवर भुंगेरा देशभर पसरला होता. आज तो पस्तीसहून अधिक राज्यांत आहे.

मूळ दार होतं ते बंदराचं. मालाच्या खोक्यांचं लाकूड ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून मगच सीमेपार पाठवावं, हा आंतरराष्ट्रीय नियम ठरला तोही २००२ मध्येच. न्हावा-शेवाला किंवा कुठल्याही एमआयडीसीत पडलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि ‘एच.टी.’ ही अक्षरं दिसतात, ती याच नियमाची खूण. हा नियम दहा वर्षं आधी झाला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

काळ्या ॲशचं दुखणं इतर ॲशपेक्षा वेगळं आहे. तो दलदलीत वाढतो, जिथे दुसरं मोठं झाड सहसा तग धरत नाही. उन्हाळ्यात ही झाडं जमिनीतलं पाणी ओढून हवेत सोडतात, त्यामुळे दलदलीची पातळी खाली राहते. झाडं मेली की पाणी वर येतं, नवी रोपं बुडतात आणि रानाच्या जागी गवताळ पाणथळ उरते. शहरातल्या ॲशला खोडात औषध टोचून वाचवता येतं, पण ते दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा टोचावं लागतं. एकट्या मिनेसोटा राज्यात सुमारे एक अब्ज ॲश आहेत आणि त्यांतले बहुतेक काळे, दलदलीतले. तिथे सुई घेऊन कोण कुठवर फिरणार?

पोटावाटोमी वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांनी २०१३ च्या आपल्या ‘ब्रेडिंग स्वीटग्रास’ या पुस्तकात एक निरीक्षण मांडलं आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. भुंगेरा पोचण्याआधीच काही भागांत काळा ॲश कमी होत चालला होता, म्हणून टोपलीवाल्यांनी तो जास्त तोडला का, हे त्यांच्या विद्यार्थ्याने तपासलं. निघालं उलटंच. जिथे टोपली विणणारे होते तिथेच काळा ॲश चांगला रुजत होता. त्याच्या रोपांना उजेड लागतो. कारागीर इथून एक, तिथून एक अशी निवडक झाडं काढतात, त्यामुळे रानाच्या छतात झरोके पडतात आणि खाली थांबलेली रोपं उठतात. जिथे विणणारे संपले तिथे तोडणी थांबली, छत मिटलं आणि रोपं सावलीत राहिली. म्हणजे इथे झाडावर माणूस जगत होता आणि माणसावर झाडही. यातलं एक वाचवून दुसरं सोडून देता येणार नाही. या जमातींनी भुंगेऱ्याला दिलेलं उत्तर याच समजुतीवर उभं आहे.

पहिलं काम बियांचं. सेंट लॉरेन्सकाठच्या अक्वेसास्नी या मोहॉक वस्तीत १९९० च्या दशकापासूनच काळ्या ॲशची रोपं तयार करून लावणं चालू होतं. भुंगेऱ्याची बातमी आल्यावर त्या कामाला घाई आली. मिशिगनमध्ये गन लेक जमातीच्या विणकर केली चर्च गावोगावच्या जमातींना बिया गोळा करायला शिकवू लागल्या. काम साधं नाही. काळा ॲश दरवर्षी बी धरत नाही. चांगलं बी एखाद्या वर्षी येतं, मग कित्येक वर्षं खाडा. शरद ऋतूत, पंख असलेल्या बिया वाळून तपकिरी झाल्या की त्या उंचावरून उतरवायच्या. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी ठेवायची आणि झाड कुठलं ते लिहून ठेवायचं, कारण जपायचं असतं ते झाडाझाडांतलं वेगळेपण. बी नीट वाळवून गोठवलं तर ते कित्येक दशकं टिकतं. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या राष्ट्रीय बीजपेढीत आज जमातींनी गोळा केलेल्या बियाही आहेत.

पण तेच बी जमिनीत पडलं तर काही वर्षांतच संपतं. शिवाय ते लगेच उगवतही नाही. झाडावरून पडताना आतला अंकुर कच्चा असतो. आधी काही महिने ओल आणि ऊब, मग हिवाळ्याची थंडी, असं झाल्यावर बहुधा दुसऱ्या वसंतात कोंब येतो. मोठी झाडं एकदम मेली की त्या रानाकडे परत उगवायला फार थोडा अवधी उरतो, तो यामुळे.

दुसरा प्रश्न होता मरत असलेल्या झाडांचा. भुंगेरा सालीखाली असतो, टोपलीला लागणारं लाकूड त्याच्या आत असतं, म्हणजे लागण झालेल्या झाडाचं लाकूडही विणायला चालतं. अडचण ही, की ओंडका घरी आणला की त्याबरोबर अळ्याही घरी येतात, आणि लाकूड तापवून अळ्या माराव्या तर ते सुकून बडवण्याच्या लायकीचं राहत नाही. कारागीर पूर्वीपासून ओंडके ओले राहावेत म्हणून पाण्यात बुडवून ठेवत. केंद्रीय वनखात्याच्या संशोधकांनी मिशिगनच्या विणकरांना सोबत घेऊन याच रिवाजाची परीक्षा घेतली. ओंडके ओढ्यात बुडवून ठेवले, ठरावीक आठवड्यांनी बाहेर काढून अळ्या जगल्या का ते तपासलं, आणि तेच लाकूड विणकरांनी बडवून पाहिलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: वसंतात किमान १४ आठवडे किंवा हिवाळ्यात सुमारे १८ आठवडे ओंडका बुडालेला राहिला तर एकही भुंगेरा वाचत नाही आणि लाकडाचा गुणही जात नाही. आजोबा-पणजोबा करत होते तेच, फक्त त्याला आता आठवड्यांचं माप मिळालं. या एका प्रयोगात शास्त्रज्ञाला विणकराची जेवढी गरज होती तेवढीच विणकराला शास्त्रज्ञाची, आणि दोघांनी ते ओळखलं. अशी उदाहरणं कमी असतात.

तिसरं काम सर्वांत कठीण. उद्या पाच-सहा दशकं टोपलीजोगं झाडच नसेल आणि मग बियांतून नवं रान उभं राहील, तर मधल्या पिढ्यांनी ही कला कशी सांभाळायची? दलदलीतल्या शंभर झाडांतून टोपलीचं झाड कसं ओळखायचं, ओंडका कुठून ठोकायला घ्यायचा, पट्टी कुठे थांबवायची, हे कळायला हाताखाली लाकूड लागतं. केली चर्च यांनी २०१८ मध्ये काळ्या ॲशचीच एक टोपली विणली. तिच्यात काचेच्या कुपीत एक भुंगेरा ठेवला आणि सोबत एक पेनड्राइव्ह, ज्यात ही सगळी शिकवण साठवलेली आहे. ज्याने हे झाड कधीच पाहिलं नाही अशा नातवंडाला उद्देशून ठेवलेला तो निरोप आहे. त्या स्वतः मात्र तेवढ्यावर थांबलेल्या नाहीत, मुलांना घेऊन रानात जातात आणि ओंडका बडवून घेतात.

अक्वेसास्नीत या शिकवणीला पैसा आला तो एका जुन्या जखमेतून. नदीकाठच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यांनी पाणी आणि मासे विषारी करून ठेवले होते. २०१३ मध्ये झालेल्या भरपाईच्या करारात जमातीने आपलं हरवलेलं ज्ञानही नुकसान म्हणून मोजायला लावलं. त्या रकमेतला एक वाटा जाणत्यांच्या हाताखाली तरुणांना मासेमारी, औषधी, शेती आणि टोपल्या शिकवण्यासाठी राखून ठेवला गेला. मजुरी मिळत असेल तर तरुण वर्षानुवर्षं शिकू शकतो, हा त्यातला व्यवहार मला फार शहाणपणाचा वाटतो.

मेनला एक सवलत मिळाली, वेळेची. मिशिगनमध्ये भुंगेरा सापडला २००२ मध्ये, मेनमध्ये पोचला २०१८ मध्ये. मधल्या वर्षांत वाबनाकी विणकर, जमातींचे वनअधिकारी, मेन विद्यापीठातले संशोधक आणि राज्याचं वनखातं एका टेबलाशी बसत राहिले. कुठल्या रानात अजून चांगला ॲश आहे याचे नकाशे, बिया गोळा करण्याची प्रशिक्षणं आणि खासगी जमीनमालकांशी बोलणी, म्हणजे मरण्याआधीच झाड विणकराच्या हाती यावं. हे शेवटचं काम वरवर किरकोळ वाटतं. पण मेनमधलं बहुतेक रान खासगी मालकीचं आहे, आणि पूर्वजांच्या दलदलीत पाय टाकायला आज विणकराला परवानगी मागावी लागते.

भुंगेऱ्याला रोखायला चीनमधून गांधीलमाशीच्या जातकुळीतले बारीक परजीवी कीटक आणून २००७ पासून सोडले जात आहेत. ते भुंगेऱ्याच्या अंड्यांत किंवा अळ्यांवर वाढतात. कोवळ्या झाडांना त्यांचा चांगला आधार मिळतो आहे. त्यांतल्या सर्वांत यशस्वी जातीची अंडी घालण्याची नळी मात्र आखूड आहे, जुन्या झाडाची जाड साल तिला भेदता येत नाही. दुसरी आशा आहे ती तगून राहिलेल्या झाडांची. सगळं रान मेल्यावरही कुठे कुठे एखादा ॲश हिरवा उभा दिसतो. ओहायोतल्या वनखात्याच्या केंद्रात अशा झाडांची कलमं करून, त्यांच्यावर भुंगेऱ्याची अंडी ठेवून कोणती खरोखर लढतात ते पाहिलं जातं, आणि लढणाऱ्यांचा आपसात संकर केला जातो. हे काम पिढ्यांचं आहे, आणि काळ्या ॲशमध्ये अशी झाडं शोधणं आणखी अवघड आहे.

समजा ते साधलं. तरी तगणारं प्रत्येक झाड टोपलीचं नसतं. टोपलीला सरळसोट, गाठी नसलेलं आणि पुरेशी जाड वलयं धरणारं खोड लागतं. भुंगेऱ्याला पुरून उरलेल्या वाणातलं कोणतं रोप तसं होईल, हे प्रयोगशाळेतल्या कसोटीत दिसत नाही. झाड चाळीस-पन्नास वर्षांचं झाल्यावर कुणीतरी त्याच्या बुंध्यावरून हात फिरवून, सालीची ठेवण पाहून, ते पाडून ठरवावं लागेल. तो निर्णय घेणारी माणसं आज आठ-दहा वर्षांची असतील, आणि त्यांना शिकवायला लागणारं लाकूड मेनच्या दलदलीत अजून उभं आहे.